चौकोनी नाकाचा बूट

ब्रँडन्सबर्ग कॉलेज
रविवार, २० सप्टेंबर १९५३

लिडी,

हातातलं काम ठेव, खाली बस आणि मग वाच. तुझा भाऊ काल फुटबॉलचा पूर्ण सामना खेळला. पूर्ण म्हणजे पूर्ण!

गेली दोन वर्षं मी बाकावर बसून होतो, कारण मला सगळंच येतं आणि प्रत्येक कामाला माझ्याहून सरस असा एक जण होता. पळणारा वेगळा, पाडणारा वेगळा, किक मारणारा वेगळा. यंदा नियम बदलला. सामन्याचे चार भाग असतात ना, त्यातल्या एका भागात जो बाहेर गेला तो त्या भागात परत आत यायचा नाही. म्हणजे चेंडू आपल्याकडे असो की त्यांच्याकडे, तेच अकरा जण राबणार. एकेका कामात सरस असणाऱ्यांची झाली पंचाईत. आणि कोच डनलॅपना एकदम आठवलं की अरे, तो बीटच्या शेतातला पोरगा सगळंच करतो की!

काल मी चेंडू घेऊन पळालो, फेकला, त्यांच्या पळणाऱ्यांना पाडलं, त्यांनी फेकलेला चेंडू मधल्यामध्ये पकडला आणि शेवटी खांबांमधून किक मारून सामना काढून दिला. पपांनी ठोकून दिलेल्या त्याच चौकोनी नाकाच्या बुटाने. पोरं हसतात त्या बुटाला. हसू देत.

माझ्या खोलीत रे पोकॉर्नी आहे. तो वाकून दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तोच. त्याच्या आईने खसखशीचे गोड पाव पाठवले. एक खाल्ला की दुसऱ्याकडे हात जातोच, पण तुझ्या कोबीच्या बीरॉकची सर नाही.

आता मुख्य काम. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या दिवशी आमचा शेवटचा सामना इथेच आहे. पपांना घेऊन ये. तोवर बीट निघालेलं असेल. त्यांनी मला खेळताना एकदाही बघितलेलं नाही, लिडी. एकदाच बघू देत. मग रिकामटेकड्यांचा खेळ म्हणाले तरी चालेल.

तुझा रूबेन

*

शेत
रविवार, ४ ऑक्टोबर

रूबेन,

फार डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस, टोपी बसायची नाही.

बीट काढायला सुरुवात झाली. काट्यावर वजनाला ट्रकांची ही मोठी रांग. मि. फेरिसने काट्याच्या खिडकीत रेडिओ ठेवलाय आणि शनिवारी दुपारी वजनं करायची सोडून तो त्यालाच कान लावतो. काल पपा बीट उतरवून झाल्यावरही हलेनात. मागच्यांनी भोंगे वाजवले तरी ढिम्म. आपल्या जर्मनपलीकडे त्यांना इंग्रजी कितीसं कळतं तुला माहीतच आहे, पण आपलं आडनाव बरोबर ऐकू येतं. "श्वाबाउर पळाला, श्वाबाउरने पाडलं, श्वाबाउरची किक." पपा म्हणाले, "बाकीची पोरं काय करतायत? जेवायला गेलीत?" वर हेही म्हणाले की तो टोकदार भोपळा हातात घेऊनच पळायचं असेल तर त्याला फुटबॉल कशाला म्हणायचं. पण चेहरा बघण्यासारखा होता.

तू सांगितलेलं मी सांगितलं. "बघू" म्हणाले. म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

एक विचारते. तिसऱ्या भागात रेडिओवाला म्हणाला, "श्वाबाउर अजून खाली आहे, अजून खाली आहे, उठला." मधे किती वेळ गेला देव जाणे. माझा हात ट्रकच्या दाराला चिकटल्यासारखा झाला होता. काय झालं होतं? आई गेल्यापासून तुझी पडझड मीच निस्तरली आहे, तेव्हा मला खरं सांग.

आणि आना मावशीच्या मुलीचं लग्न सात नोव्हेंबरला आहे. येणार का ते कळव, तिला ताटं मोजायची आहेत.

लिडिया

*

ब्रँडन्सबर्ग
११ ऑक्टोबर

लिडी,

तू म्हणजे अगदी आजीबाई. त्यांच्या पळणाऱ्याचा गुडघा कानशिलावर बसला, बस्स. थोडा वेळ कानात चर्चची घंटा वाजली. कोचनी नाकाखाली नवसागराची पुडी धरली, बोटं किती विचारली, मी बरोबर सांगितली. पुढच्या चेंडूला मीच पळालो, ते ऐकलंस ना?

मी बाहेर जाऊ शकत नव्हतो, हे समजून घे. भागाच्या सुरुवातीलाच बाहेर गेलो असतो तर तो भाग संपेपर्यंत बाहेरच. तेवढा वेळ पळणार कोण, पाडणार कोण, किक कोण मारणार? आमच्याकडे मुलं आहेतच कितीशी.

लग्नाला येत नाही, त्या दिवशी सामना आहे. माझ्या वाटचं तूच खा.

रूबेन

*

ब्रँडन्सबर्ग
२५ ऑक्टोबर

लिडी,

कालची गंमत ऐक. तिसऱ्या भागात चेंडू आपल्याकडे होता आणि मी जाऊन उभा राहिलो समोरच्या ओळीत, त्यांच्या पोरांच्या शेजारी! मला वाटलं आपण अडवायला उभे आहोत. रे इकडून बोंबलतोय, "अरे श्वाबाउर, घर इकडे आहे!" त्यांचा एक जाड्या म्हणतो, "राहू दे रे, आम्हालाही असा एक हवाच होता." सगळं मैदान हसलं. कोच म्हणाले, इतकी कामं एका डोक्यात भरल्यावर असं व्हायचंच. वर्तमानपत्रवाल्याने 'अष्टपैलू श्वाबाउर आता नववा पैलू दाखवणार' असं लिहिलंय. कात्रण पाठवतो. पपांना वाचून दाखव.

रेच्या आईने खसखशीचे गोड पाव पाठवले. एक खाल्ला की दुसऱ्याकडे हात जातोच, पण तुझ्या कोबीच्या बीरॉकची सर नाही.

आना मावशीच्या मुलीचं लग्न ठरलं का? काही कळवत नाहीस.

तुझा रूबेन

*

शेत
शुक्रवार, ३० ऑक्टोबर

रूबेन,

तुझी गंमत मी काट्यावर सांगितली. फेरिस हसून हसून वजन चुकला आणि परत करायला लागलं. पपा हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "आपला हान्स घोडा आंधळा झाला तरी आपल्याच दारात थांबायचा." मग ट्रकखाली शिरले आणि बराच वेळ तिथेच काहीतरी ठोकत बसले.

मी मात्र तुझ्यावर चिडले होते. लग्नाचं मी तारखेसकट लिहिलं, तू येत नाही म्हणून कळवलंस आणि आता विचारतोस ठरलं का. वाटलं, वर्तमानपत्रात नाव आलं, आता घरची पत्रं कोण लक्ष देऊन वाचतंय. चांगलं झणझणीत उत्तर लिहायला बसले आणि तुझी आधीची पत्रं काढली. खसखशीच्या पावाचं तू सप्टेंबरातही लिहिलं होतंस. तेच. अगदी त्याच शब्दांत.

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि लिहायला घेतलेला कागद मी चुलीत टाकला.

कॉनराड काकांचं तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतास. घोड्याची लाथ डोक्याला लागली, तरी ते त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी शेतात काम करत होते. हसत होते. फक्त जेवताना तेच तेच विचारायचे, मीठ कुठंय, मीठ कुठंय. सगळ्यांनी चेष्टा केली. मग एका सकाळी उठलेच नाहीत.

डॉक्टरला दाखव, रूबेन. कॉलेजच्या नको, शहरातल्या. हात जोडते. तोवर खेळू नकोस.

लिडिया

*

ब्रँडन्सबर्ग
८ नोव्हेंबर

लिडी,

थोडक्यात लिहितो. दिव्याचा डोळ्यांना त्रास होतो, म्हणून अक्षर असं आहे.

काल जिंकलो. आता सगळं शेवटच्या सामन्यावर. मी बरा आहे. सकाळी थोडं उलटल्यासारखं होतं, इथल्या खाण्याने सगळ्यांनाच होतं. कॉनराड काकांच्या गोष्टी सांगून मला घाबरवू नकोस. मी घोड्याची लाथ खाल्लेली नाही.

कोचना पत्रबित्र लिहायचं नाही. लिहिलंस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. दोन वर्षं बाकावर काढलीत, लिडी. माझ्यासारख्या पोरासाठी आत्ता कुठे नियम आला, पुढच्या वर्षी बदलतील तो परत. मला एवढा एक मोसम खेळू दे.

पपा येतायत ना?

रू.

*

शेत
१० नोव्हेंबर

कोच डनलॅप यांस,

मी रूबेन श्वाबाउरची मोठी बहीण. माझं इंग्रजी चुकलं तर माफ करा.

माझ्या भावाच्या डोक्याला लागलं आहे. तो तेच तेच लिहितो आणि त्याला ते कळत नाही. त्याला उजेड सोसत नाही, सकाळी उलटी होते. तो तुम्हाला सांगणार नाही, कारण तुम्ही त्याला बाहेर बसवाल ही त्याला भीती आहे. मला तुम्ही त्याला बाहेर बसवणार नाही ही भीती आहे. तो तुमच्या संघातला एक खेळाडू असेल. आमच्या घरात तो एकटाच आहे.

मी लिहिलं हे कृपा करून त्याला सांगू नका.

लिडिया श्वाबाउर

*

ब्रँडन्सबर्ग कॉलेज, क्रीडा विभाग
१४ नोव्हेंबर

कु. श्वाबाउर,

आपली काळजी समजते. आमच्या डॉक्टरांनी रूबेनला तपासलं. त्याने सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली आणि मला खेळायचंच आहे असं सांगितलं. एवढा चिवट मुलगा माझ्या हाताखाली आजवर आलेला नाही. घरच्यांनी या वेळी त्याला धीर द्यावा. शेवटच्या सामन्याला आपलं आणि आपल्या वडिलांचं स्वागत आहे. मैदानाच्या दोरीलगतच्या जागा राखून ठेवतो.

आपला,
व्ह. डनलॅप

*

शेत
१९ नोव्हेंबर

रूबेन,

पपा येतायत. चर्चचा कोट बाहेर काढून वाऱ्यावर टाकलाय. बुधवारी निघू, वाटेत मुक्काम करू.

आता रोज रात्री जेवल्यावर त्यांना खेळ समजावते. खांब कुठले, रेषा कसल्या, काही डोक्यात शिरत नाही. फक्त एक गोष्ट त्यांनी परत परत विचारून घेतली, ती बाहेर गेलेला परत येत नाही ती. "भाग सुरू व्हायच्या आधी बाहेर असला तर?" म्हटलं, मग नंतर आत घेता येतो. "आणि सुरू झाल्यावर बाहेर गेला तर?" म्हटलं, मग तो भाग संपेपर्यंत नाही. दुसऱ्या आणि चौथ्या भागात शेवटच्या चार मिनिटांत तरी सूट असते, तिसऱ्या भागात तर अजिबातच नाही. मान हलवली आणि झोपायला गेले. बाकी काही नाही कळलं तरी चालेल त्यांना.

मी आणखी काही बोलत नाही. बोलून झालंय. देव तुझ्या पाठीशी असो. माझा जीव टांगणीला लागलाय तो तुला बघितल्यावरच खाली येईल.

लिडिया

*

ब्रँडन्सबर्ग
२ डिसेंबर

लिडिया,

समाधान झालं?

सगळं गाव हसतंय. तिसरा भाग नुकताच सुरू झालेला, चेंडू आपल्याकडे, आणि एक म्हातारा काळा कोट घालून दोरी ओलांडून सरळ मैदानात चालत येतो. पंच शिट्ट्या मारतायत. तो कुणाचं ऐकत नाही. माझं मनगट धरतो आणि गाय न्यावी तसा मला बाहेर नेतो. बाकावर बसवून माझ्या उजव्या पायातला बूट काढतो, कोटाच्या खिशात घालतो आणि शेवटपर्यंत शेजारी बसून राहतो. कोच चिडले, अंगावर धावून आले, तरी हलला नाही. आम्ही एका किकने हरलो, लिडिया. एका किकने! ती दुसऱ्या कुणाला तरी मारावी लागली आणि ती खांबाला लागली.

पोरं माझ्याशी बोलत नाहीत. फक्त रे बोलतो, तोही जपून. त्यानेच मला शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहा आणि जन्मात परत खेळू नका म्हणाला तो डॉक्टर. पपांना सांग, जिंकलात.

एवढ्या वर्षांत एकदा बोलावलं होतं मी त्यांना. एकदा. तेही बघायला बोलावलं होतं.

मला पत्र लिहू नका.

रूबेन

*

शेत
८ डिसेंबर

रूबेन,

नको म्हणालास तरी लिहिते.

कोचना मी पत्र लिहिलं होतं, ते आता लपवत नाही. मधल्या सुट्टीत मी त्यांच्याकडे पळत गेले, तेव्हा "सगळं ठीक आहे, ताई" म्हणून त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. पपा दोरीशीच उभे होते. मी परत आले तर मला एवढंच म्हणाले, "तिसरा सुरू झाला की सांग." शिट्टी वाजली. मी म्हटलं, झाला सुरू. ते दोरीवरून पाय टाकून गेले. त्यांच्या मनात काय होतं ते मला तेव्हा कळलं.

का गेले, हे त्यांना विचारू नकोस. मलाही विचारू नकोस.

अंधारात पडून राहा. डॉक्टर म्हणतील ते सगळं कर. रेकडून मला रोज एक ओळ लिहून घे, नुसतं 'बरा आहे' एवढंच. तुला माझा राग असू दे, पण ती एक ओळ येऊ दे.

लिडिया

*

शेत
२७ डिसेंबर

रूबेन,

नाताळला तुझं ताट मांडलं होतं. पपांनी उचलू दिलं नाही.

रेची कार्डं येतात. त्या पोराला देव शंभर वर्षं देवो. पण अक्षर त्याचं असतं, तुझं नाही. टपालवाल्याची गाडी वळणावर दिसली की पपा कोठारातून बाहेर येतात आणि पत्र नाही म्हटलं की परत आत जातात. विचारत काही नाहीत. तुझा बूट कोठारात खिळ्याला टांगलाय, त्याला तेल लावत बसतात.

मला भीती वाटते रे. आधी तुझ्या डोक्याची वाटत होती, आता तू परत येणारच नाहीस याची वाटते.

लिडिया

*

ब्रँडन्सबर्ग
२४ जानेवारी १९५४

लिडी,

हे माझंच अक्षर आहे. आता रोज थोडा वेळ दिव्याजवळ बसायला परवानगी आहे.

तुला एक सांगायचंय आणि ते कुणालाच सांगितलेलं नाही. काल रे विचारत होता की म्हाताऱ्याने मैदानात तुझा हात धरला तेव्हा तो तुला काय म्हणाला. मी आठवायला गेलो आणि काहीच सापडलं नाही. म्हातारा नाही, मैदान नाही, सामनाच नाही. त्या सकाळी मी बुटाची नाडी बांधत होतो, हे आठवतं. त्यानंतर आठवते ती थेट अंधारी खोली.

दोन डिसेंबरच्या पत्रात मी तुला जे जे सुनावलं, ते सगळं मला पोरांनी सांगितलेलं होतं. काळा कोट, शिट्ट्या, गाय. ते ऐकूनच मी भडकलो. मी दोन महिने पपांवर रागावून बसलोय आणि ज्या गोष्टीसाठी रागावलोय ती माझ्या डोक्यातच नाही. मला रडू आलं, लिडी. खरंच सांगतो, रे समोर होता तरी रडलो.

आता तूच सांग. त्यांनी मला खेळताना बघितलं का? मधल्या सुट्टीच्या आधी मी काही चांगलं खेळलो का? एवढी एक गोष्ट हवी होती मला, आणि ती झाली की नाही हेच मला माहीत नाही. आणि ते आत का आले? नको विचारू म्हणालीस, तरी विचारतो.

रूबेन

*

शेत
३१ जानेवारी

माझ्या रूबेना,

तुझं पत्र मी पपांना वाचून दाखवलं. सगळं. मग विचारलं, आता सांगू का त्याला? उठून कोठारातून तुझा बूट घेऊन आले. मग म्हणाले, सांग.

आधी तू विचारलेलं. हो, बघितलं. तू पहिल्या चेंडूलाच पळालास आणि पपा दोरीच्या अलीकडून तुझ्याबरोबर पळाले, या वयात, चर्चच्या कोटात. तू त्यांच्या त्या धिप्पाड पोराला पाडलंस तेव्हा पपांनी शेजारच्या अनोळखी माणसाच्या पाठीत असा रट्टा घातला की त्याची कॉफी सांडली. तू किक मारलीस, चेंडू खांबांमधून गेला, आणि पपा लोकांना जर्मनमध्ये सांगत सुटले, "तो बूट माझा आहे! नाक मी ठोकलंय!" कुणाला काही कळलं नाही. सगळं मैदान आपलं आडनाव घेऊन ओरडत होतं आणि पपांचे डोळे वाहत होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीसुद्धा नाही.

मग मधली सुट्टी झाली. तुम्ही सगळे दोरीजवळून आत जात होतात. पपांनी टोपी काढली, हात पुढे केला आणि हाक मारली, "रूबेन! बाळा!" तू थांबलास. त्यांच्याकडे बघितलंस. हातभर अंतरावरून बघितलंस. आणि इंग्रजीत म्हणालास, "साहेब, जरा दोरीच्या मागे व्हा."

आपल्या घरात पपांशी इंग्रजीत कुणी कधी बोललेलं नाही, रूबेन.

मी कोचकडे पळाले ते तेव्हा. पपा तिथेच उभे होते, हात तसाच पुढे. गाडीत मला म्हणाले, हे त्याला कधी सांगायचं नाही, त्याला जन्मभर लागेल. त्यापेक्षा माझा राग करू दे त्याला.

आणि मनगट धरून ते तुला काय म्हणाले, तेही मी विचारलं. म्हणाले, "चल, बीट भिजतंय." तू लहानपणी खेळ सोडून घरी येत नसायचास तेव्हा ते हेच म्हणायचे. आणि तू निमूट चालायला लागलास. बापाला तू ओळखलं नाहीस, तरी ते वाक्य तुझ्या पायांना ओळखीचं होतं.

लिडी

*

ब्रँडन्सबर्ग
६ फेब्रुवारी

लिडी,

डॉक्टरने प्रवासाला होकार दिला. शुक्रवारच्या बसने येतोय. रे बसवून देईल.

तू थांब्यावर येऊ नकोस. पपांना एकट्याला पाठव. काळा कोट घालायची गरज नाही, कसेही येऊ देत, गर्दीत उभे राहू देत. मी लांबूनच ओळखेन.

रूबेन